आंब्याची बांधी
धान निसवून लोंब्या बाहेर आल्या की बांध्यांतून गोडसर वास येतो, आणि तो आला की अजून मला ती दुपार आठवते. मातीच्या बांधांनी, आमच्या धुऱ्यांनी, वेढलेल्या धानाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे बांधीला, आमच्याकडे नाव असतं. नोकरीसाठी नागपुरात राहून मी ती कधी नीट शिकलेच नव्हते. त्या दुपारी मी गावी, करडीला, सुट्टीवर आले होते. बाबांचा शेतातून फोन आला, "बाई, मले साप डसला. आंब्याच्या बांधीत बसलो आहो, लवकर ये," आणि फोन बंद पडला. मी स्कूटी काढून तळ्याकडे सुटले, कारण आमच्या शेतात आंब्याचं झाड तिथंच होतं. झाडाखाली कोणीच नव्हतं. ते पडले असतील तर कमरेएवढ्या धानात दिसणारही नाहीत, म्हणून मी चिखलात शिरून दोन्ही हातांनी धान बाजूला सारत त्यांना हाका मारत राहिले. धुऱ्यावर गवत कापणारी शेजारच्या शेतातली काकू ओरडली, "काय शोधून राहिली वो?" मी रडतच सांगितलं. तिनं विळा टाकला. "अवो, ते नहराजवळची बांधी! तिथला आंबा तं तुह्या जन्माच्या आधीच तोडला." आम्ही दोघी कालव्याकडे धावलो. झाडाचा मागमूस नसलेल्या त्या बांधीच्या धुऱ्यावर बाबा पायाला दुपट्टा आवळून बसले होते, ओठ पांढरे पडलेले. "केव्हाची वाट पाहून राहिलो," एवढंच म्हणाले. दवाखान्यात ते वाचले. आता ते शेतावर जातही नाहीत, तरी त्यांचा फोन आला की 'हॅलो'च्या आधी माझ्या तोंडून निघतं, "बाबा, कोणत्या बांधीत?" आणि ते हळूच म्हणतात, "घरीच आहो, बाई."