उधन्याची एररबेन

मशीन ओरडलं की एररबेन दोन्ही हात मांडीवर ठेवायची. बाकी सगळ्यांचं उलटं. पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं आणि टूं झालं, की आमचे लोक हाताला येईल ते बटण दाबत सुटायचे, नाहीतर सरळ मागचा स्विच बंद करायचे. ही मात्र स्वस्थ बसायची. पूर्ण ओळ वाचायची, वहीत अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायची आणि मग कीबोर्डला बोट लावायची. तोवर शेठ स्वतः मागे येऊन उभे राहिले तरी तिची मान वळायची नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. सुरतेत उधन्याच्या एका रंगाई मिलमध्ये मी गोडाऊन सांभाळत होतो. व्यापाऱ्यांकडून कोरं कापड यायचं, त्याचे लॉट पडायचे, रंगून परत जायचे. कुठल्या पार्टीचा कुठला लॉट कुठल्या घोड्यावर, म्हणजे कापडाच्या मांडणीवर, ठेवलाय, हे बावीस वर्षं मी डोक्यात ठेवलं. शाळा चौथीपर्यंत. पण शेठ खिडकीतून ओरडायचे, "आप्पा, एकशेचाळीस क्यां छे?" आणि मी चहाचा कप खाली न ठेवता सांगायचो, "तिसरी रांग, भिंतीकडून दुसरा." अख्ख्या मिलमध्ये विचारायचं तर आप्पाला. यापेक्षा मोठा पगार मला कुणी दिला नाही.

मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागे ही आली. शेजारच्या डिंडोलीची पोरगी, बाप रेल्वेत, मूळ भुसावळकडचे. नाव चांगलं होतं, पण महिन्याभरात सगळी मिल तिला एररबेन म्हणू लागली. तिला राग नव्हता. उलट फोन उचलला की स्वतःच म्हणायची, "हां, एररबेन बोलते." मला मात्र राग होता. कारण खिडकीतून हाक यायची ती आता मला नाही, तिला, "बेन, जरा जुओ तो" अशी यायची.

तिच्याकडे कुणी "मशीन बिघडलं" असं सांगत गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "काय म्हणालं?"

डिस्पॅचचा कारकून म्हणायचा, "इंग्लिशमां कंईक लख्युं छे."

"काहीतरी नको. जा, बघून ये."

त्याला तिने एकदा तीन वेळा परत पाठवला. चौथ्यांदा तो पूर्ण ओळ पाठ करून आला. तिने खुर्चीवरून न उठता इलाज सांगितला. मी मनात म्हटलं, बापरे, काय तोरा. दोन दिवसांनी माझी पाळी आली. गोडाऊनमध्येही एक पडदा बसवला होता. मला इंग्रजी अक्षर येत नाही, हे तिला माहीत होतं. तरी म्हणाली, "आप्पा, वाचू नका. रांगोळीसारखं काढून आणा." चलानाच्या पाठीवर मी ती ओळ नक्षी काढावी तशी काढली आणि नेऊन दिली. तिने वाचली. "बरोबर आणलंत. एक रेघसुद्धा चुकली नाही." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी राग आला.

तिचं एक बोलणं मिलभर झालं होतं. लोकांना वाटायचं, मशीन रागावतं, शिव्या देतं. ती म्हणायची, "ती शिवी नाही, पत्ता आहे. चूक कुठे राहते ते सांगतंय बिचारं." एकदा डिस्पॅचच्या पडद्यावर लॉट उघडेना. दुसरं कुणीतरी वापरतंय, असं मशीन म्हणत होतं. कारकून बटणं बडवत होता. ही उठली, सगळ्या खात्यांतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "फोल्डिंगवाले भाई चहाला गेलेत, त्यांची वही उघडी आहे. दुसऱ्याच्या हातातली वही हिसकायची नाही. त्यांना बोलवा." भाई आले, त्यांनी आपला लॉट बंद केला, इकडचा उघडला. एवढंच. पण लोक अशा नजरेने बघत होते, जणू तिने अडकलेली लिफ्ट हाताने उचलली.

सगळ्यात जास्त मला बोचलं ते वेगळंच. एका दुपारी लाइट जाऊन आली आणि मशीनवर लॉट सापडेनात. एक नंबर मागावा, तर दुसराच पुढे यायचा. अनुक्रमणिकेची फाइल आणि माहितीची फाइल जुळत नाही, असा काहीतरी निरोप होता. ज्याने कॉम्प्युटर बसवला तो रिंग रोडवरचा माणूस फोनवर म्हणाला, सगळं गेलं असेल, पुन्हा भरा. शेठ घाबरले. तेव्हा तिने त्यांना माझ्या गोडाऊनच्या दारात आणलं. तिथे इतरांसाठी मी टांगलेली एक पाटी होती, कुठला लॉट कुठल्या घोड्यावर ते खडूने लिहिलेली. ती म्हणाली, "शेठ, समजा आप्पांची ही पाटी पावसात पुसली. कापड जळालं का?"

"ना."

"कापड जागेवर आहे. पाटी नवी लिहायची, बस."

अर्ध्या तासात तिने मशीनची पाटी नवी करून दिली. सगळे लॉट जागच्या जागी. शेठ म्हणाले, "वाह बेन." पाटी माझी, गोडाऊन माझं, ती टांगायची अक्कल माझी, आणि वाह बेन. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तुम्ही सांगाले पाह्यजे व्हतं शेठले." मला कुठे माहीत होतं की मशीनच्या पोटातही पाटी असते?

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो ते.

आमच्याकडे दिवाळीनंतरच्या लाभपाचमला हिशेबाचा नवा चोपडा सुरू होतो आणि लॉटचा नंबर पुन्हा एकपासून. दिवाळीआधी मिल रिकामी करायची पद्धत, म्हणून जुना सात आणि नवा सात एकत्र यायची वेळ कधी येत नसे. त्या वर्षी एका पार्टीने रंग ठरवला नाही आणि तिचा जुना सात नंबरचा लॉट गोडाऊनमध्ये राहून गेला. एररबेन सुट्टीवर भुसावळला निघाली होती. जाताना माझ्याकडे आली. "आप्पा, मशीनने नंबर घेतला नाही तर थांबा. कागदावर लिहून ठेवा, मी मंगळवारी येते. त्याला फसवू नका." मी म्हटलं, "माले सम्दं माहीत से."

लाभपाचमला सहा लॉट नीट गेले. सातव्याला मशीन अडलं. त्या ओळीची नक्षी आता मला ओळखू येत होती, हा नंबर आधीच आहे म्हणून. बाहेर टेम्पो उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, शेठ खिडकीत. थांबून मंगळवारची वाट बघतो म्हटलं असतं, तर सगळ्यांना कळलं असतं की आप्पाचं काम तिच्यावाचून अडतं. मी साताच्या आधी एक शून्य मारलं. मशीनने मुकाट घेतलं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. तिच्यावाचून मी मशीनला वळवलं होतं.

नव्या लॉटला मोरपंखी रंग द्यायचा होता. रंगखात्याचा माणूस चिठ्ठी घेऊन आला, त्याला सात दिसला, त्याने समोरचा सात उचलला. जुना. त्याच आठवड्यात जुन्याच्या पार्टीने रंग कळवला, फिका बदामी. तोवर त्यांचं सगळं कापड मोरपंखी होऊन वाळत पडलं होतं. गडद रंगावरून मागे येता येत नाही.

पार्टी येऊन ओरडून गेली. मंगळवारी एररबेन आली. शेठच्या कॅबिनबाहेर, चार लोकांसमोर, तिने तिचा दुसरा ठरलेला प्रश्न विचारला. "आप्पा, शेवटचं काय केलं होतं?"

"काहीच नाही."

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बरं." आणि मशीनपुढे जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिने असं करून टाकलं की पुढचं शून्य मशीन धरणार नाही आणि प्रत्येक नंबरामागे वर्ष लागेल. सगळ्यांना तसं सांगितलंही. कसं झालं, ते सांगितलं नाही. मिलमध्ये बोलणं झालं की कॉम्प्युटरने घोळ केला, बेन सुट्टीवर गेली आणि घोळ झाला. मीही म्हटलं, "पाटीवर भरवसा ठेवला असता तर हे झालं नसतं." ती बाजूलाच डबा खात होती. भाकरीचा तुकडा मोडला आणि मला विचारलं, "आप्पा, ठेचा घेता?" मी घेतला नाही.

दीड वर्षाने तिला बडोद्याला सरकारी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी शेठनी सगळ्यांना खायला लोचो मागवला. सगळ्यांनी तिच्या वहीत नावं लिहून दिली. मी सही केली नाही, सांगितलं चष्मा घरी आहे. ती पाया पडली. मी "सुखी राहा" म्हटलं आणि मनात म्हटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. नवा ऑपरेटर कामाला कच्चा होता. पुन्हा खिडकीतून आप्पा, आप्पा सुरू झालं. शेठ पार्ट्यांना सांगू लागले, "आमच्या आप्पाची बावीस-चोवीस वर्षांत एक चूक नाही." पाच-सहा वेळा ऐकलं. सातव्यांदा मी कॅबिनमध्ये गेलो, दार लोटलं आणि सांगितलं, "शेठ, तो मोरपंखी मी केला होता. शून्य मी मारलं होतं."

शेठनी कागदावरून मान वर केली नाही. "मने खबर छे. बेने ते ज दिवसे कह्युं हतुं."

त्याच दिवशी. म्हणजे शेठना पहिल्यापासून माहीत होतं. मग त्यांनीच सांगितलं, ती संध्याकाळी एकटी आली होती. जसं झालं तसं सगळं बोलली, माझं नाव घेऊन. म्हणाली, चूक कुठे झाली ते तुम्हाला माहीत असायला पाहिजे. आप्पांना काढू नका, गोडाऊन त्यांच्याशिवाय मला कळत नाही. आणि तुम्हाला माहीत आहे हे त्यांना सांगू नका, ते नोकरी सोडून जातील.

मी गेलोच असतो. ते तिने बरोबर ओळखलं होतं. इतके दिवस मला वाटत होतं की तिने माझ्यासाठी लपवलं, आणि लपवणारं माणूस कुठेतरी आपल्यासारखंच असतं, या समाधानावर मी भाकरी खात होतो. तिने लपवलं नव्हतं. खरंही सांगितलं आणि माझी खुर्चीही ठेवली. असं दोन्ही मला कधी जमलं नाही, आणि ती माझ्या थोरल्या मुलीपेक्षा लहान होती.

"म्हणजे तुम्ही दोन वर्षं..." मी म्हटलं.

"जाओ आप्पा, गाडी आवी."

गाडी खरंच आली होती. मी पडद्यापुढे बसलो, नंबर मांडला आणि बटण दाबायच्या आधी चलानाशी दोनदा ताडून बघितला. ती समोर असती तर तिला दाखवायला एकदाच बघितला असता.