हाताला कळणारं तोरण

बीडच्या कडेला आमची वसाहत आहे. तिथली सगळी घरं एका साच्यातून काढल्यासारखी. तोच पिवळा रंग, तसंच लोखंडी गेट, तशाच पायऱ्या. घर घेताना मला ही शिस्त फार आवडली होती. ज्याला स्वतःचे मोजे जोडीने सापडत नाहीत, त्याला शिस्तीचं कौतुक असतंच.

या शिस्तीत आबा चुकले. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं आयुष्य लिंबागणेशच्या माळावर मेंढरांमागे गेलं. आता काचबिंदूनं नजर अधू झालीय. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ‘आहे तेवढी टिकवू’ म्हणून सांगितलं. आबांना रंगांचे डाग दिसतात, आकार दिसतात; दिवस मावळला की तेही नाही. तरी रोज संध्याकाळी काठी घेऊन ते कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जायचे. तिथं गावाकडचाच एक जुना सोबती येऊन बसायचा.

एकदा परतताना आबा शेजारच्या घरात शिरले, कॉटवर टेकले आणि म्हणाले, “सूनबाई, चहा टाक.” शेजारच्या वहिनींनी मुकाट्यानं चहा आणून दिला. “साखर कावून कमी घातली?” असं विचारल्यावर जे उत्तर आलं, त्यातला आवाज सुनेचा नव्हता. तेव्हा त्यांना उमगलं.

गोष्ट लिंबाखाली पोचायला वेळ लागला नाही. सोबती म्हणाला, “काय बे, एवढ्या मेंढरांतलं एक कधी चुकू दिलं न्हाईस, आन् आता सवताच दुसऱ्याच्या मेंढवाड्यात जाऊन बसलास?”

दुसऱ्या दिवसापासून काठी दारामागं गेली. विचारलं तर म्हणायचे, “पाय दुखतेत.” पाय दुखत नव्हते. जन्मभर चाललेला माणूस दिवसभर कॉटवर बसून भिंतीकडं तोंड करू लागला. जेवण निम्म्यावर आलं. असंच चाललं तर ते घरातल्या घरातच संपून जातील, या विचारानं मला धास्ती वाटायला लागली.

मग मी डोकं चालवलं. बाजारातून प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण आणून दारावर लावलं. “आबा, दारावर भडक केशरी दिसलं की आपलं घर.” ते पुन्हा बाहेर पडले. मी माझ्या अकलेवर खूश. आठवडाभरात दसरा आला आणि आबांना वहिनी हाताला धरून घेऊन आल्या. दसऱ्याला दारोदारी झेंडू असतो, हे पन्नाशीला आलो तरी माझ्या लक्षात यायचं होतं.

बायको म्हणाली, “अहो, सगळ्या जगासारखं तोरण बांधायचं आणि म्हाताऱ्या माणसाला म्हणायचं घर ओळखा.”

सकाळी आबा म्हणाले, “अंबाडीचा वाख मिळतो का बघ.”

मी शोधून आणला. त्या धाग्याचे पीळ घालून त्यांनी ताटाएवढं कडं वळलं. माझं काम टोक धरून बसण्याचं. तेही दोनदा सुटलं. “तोरण आडवं आसतंय,” आबा म्हणाले. “आपलं गोल आसू दे. आन् त्याच्यात रानातलं लावायचं, बाजारातलं न्हाई.” कडं दारावर न टांगता चौकटीच्या बाजूला, हात पोचेल असं अडकवलं. ओढ्याकाठी कुर्डू फुलला होता. त्याचे गुलाबी तुरे आम्ही कड्यात खोवले. संध्याकाळी आबांचा हात चौकटीवरून फिरायचा, तुऱ्यांवर थांबायचा, मग ते आत यायचे.

थंडीत तुरे झडले, तशी ज्वारीची कणसं बांधली. ती चिमण्यांनी फस्त केली. एका रविवारी मला उत्साह आला. आबा लिंबाखाली गेलेले पाहून मी रिकामी कणसं काढली आणि करडईची वाळलेली बोंडं लावली. दिसायला लई देखणं. मी आत वर्तमानपत्र घेऊन कौतुकाची वाट बघत बसलो.

अंधारून आल्यावर बाहेर काठी वाजली. मग आवाज आला, “चुकलो माय, माफ करा.” आणि काठी पुढं निघाली.

मी धावलो. आबा घरांच्या ओळीच्या टोकाशी, भिंतीजवळ उभे होते. बोटाला करडईचा काटा लागला होता.

“आबा, आपलंच घर हाय ते.”

“मग कणसं कुठं गेली?”

“चिमण्यांनी खाल्ली. मी बदललं.”

“मला न इचारता?” त्यांनी बोटातला काटा उपटला. “ज्याला घरी यायचंय, त्यानंच ते बांधावं.”

तेव्हापासून कडं त्यांच्या ताब्यात आहे. लिंबाकडं जातायेता ते पुढच्या ऋतूचं सामान हेरून ठेवतात. उन्हाळ्यात शिरीषाच्या वाळक्या शेंगा बांधल्या, तर वाऱ्यानं त्या इतक्या खुळखुळायच्या की आबा गेटपासूनच सरळ चालत यायचे. पावसाळ्यात वसाहतीतल्या मोकाट शेळ्यांनी कडं दोनदा ओरबाडलं. मी जाळी बसवायच्या गोष्टी करत होतो. आबांनी सीताफळाच्या डहाळ्या मागितल्या. “शेळी ह्याला तोंड लावत न्हाई.” वहिनींनीही तसंच कडं मागितलं, तेव्हा आबांनी बराच विचार केला. म्हणाले, “देतो की. तुमाला चौकोनी देतो.”

परवा दिवेलागण झाली तरी ते आले नव्हते. बायको दारात, मी गेटात. लिंबाखाली कुणी नव्हतं. मी चपला घालतोय, तोवर काठी वाजली. आबा आले, हात सीताफळाच्या पानांवर टेकला, पान चुरगाळून वास घेतला.

“आबा, कुठं होता? शेजारी शिरला होता का?”

“शिरलो न्हाई,” ते पायरी चढत म्हणाले. “मुद्दाम गेलतो. साखर आजून कमीच हाय.”