डॅशबोर्डवरचं पितळी विमान

बोललेलं करून दाखवायचं, ही बाबांची खोड माझ्यातही उतरली आहे. म्हणून टॅक्सी स्टँडवर त्यांच्या पाच-सहा दोस्तांसमोर मी म्हणून बसले, "दसऱ्याला बघा, बाबांच्या गाडीत विमान असेल, आणि ते मी माझ्या हातानं केलेलं असेल," तेव्हा ते करणं भागच होतं. तोवर मी विमान सोडाच, खेळण्यातली मोटारसुद्धा कधी जोडली नव्हती.

आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. बाबा तरुणपणी गोव्यात डिचोलीला आले आणि खाणीवरचा ट्रक चालवू लागले. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभा राहिला, त्याच्या टायरांभोवती गवत वाढलं, आणि शेवटी तो विकला. मग आम्ही पार्शाला आलो, मोपाला विमानतळ झाला, आणि बाबांनी टॅक्सी घेतली. अंगातली लाल धूळ धुवून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणाऱ्या या माणसाला विमानतळाच्या स्टँडवर अजूनही 'खनिज' म्हणूनच हाक मारतात. बाबा त्याला हसून ओ देतात.

त्या दिवशी मी त्यांचा डबा द्यायला गेले होते. बाबांनी नेहमीप्रमाणे मला सगळ्यांपुढे उभं केलं. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे ते अनोळखी प्रवाशालाही सांगतात. त्यांच्या शेजारी गाडी लावणारे एक काका सीटवर आडवे झाले होते. पडल्यापडल्याच ते म्हणाले, "खनिज, तुझा चेडू बीएस्सी झाला ता आमका पाठ झाला रे. पण करता काय? हायस्कुलात बाटल्योच धुता मा?"

सगळे हसले. बाबाही हसले, पण अर्धेच. मी प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या धुते, हे खरंच आहे. त्याची मला लाज नाही. पण बाबांचं ते अर्धं हसू मला सोसलं नाही. काकांच्या डॅशबोर्डवर एक प्लॅस्टिकचं विमान चिकटवलेलं होतं, बाबांना ते फार आवडायचं. त्याच्याकडे बघूनच मी ते दसऱ्याचं बोलून गेले.

काका उठून बसले. "प्लास्टिकचा नको हां गो बाय. लोखंडाचा कर."

"धातूचंच करीन," मी म्हटलं.

घरी जोडायचं धातूचं विमान ऑनलाइन मागवलं. आठ दिवसांनी जे आलं ते एक पाकीट होतं. आत माझ्या पंजाएवढा पितळी रंगाचा पातळ पत्रा आणि एक घडीचा कागद. पत्र्यावर विमानाचे सगळे भाग कापलेले, पण कडेला केसाएवढ्या टोकांनी धरलेले. कागदावर एक शब्द नाही, नुसती चित्रं. पाकिटावर लिहिलं होतं, वय वर्षं चौदापासून पुढे. मी मनात म्हटलं, भौतिकशास्त्र शिकलेय, रविवारच्या एका सकाळीत होईल.

त्या रविवारी दुपारपर्यंत माझ्याकडे एक पंख होता, तोही उलटा.

या विमानाला डिंक नाही, स्क्रू नाही. एका भागाला तांदळाच्या कणीएवढी जीभ असते, दुसऱ्याला फट. जीभ फटीतून बाहेर काढायची आणि पलीकडून वाकवायची. ऐकायला सोपं. पण ती जीभ दोनदाच वाकते, तिसऱ्यांदा तुटते. म्हणजे चूक एकदाच करायची मुभा. आणि कुठली जीभ वाकवायची, कुठली पिळायची, हे चित्रातल्या दोन ठिपक्यांच्या रंगावरून ओळखायचं. ते दोन रंग माझ्या डोळ्यांना सारखेच दिसत होते.

धड गोल वळवायचं होतं. मी ते बॉलपेनवर गुंडाळलं, छान गोल झालं, आणि मग लक्षात आलं की खिडक्यांच्या रेघा आतल्या बाजूला गेल्यात. माझ्या विमानातल्या प्रवाशांना त्या दिसल्या असत्या, बाहेरच्या माणसाला नाही. परत उलगडून उलटं वळवलं. नाकाच्या पाच पाकळ्या होत्या, त्या एकत्र आणून टोक करायचं. चार जमायच्या, पाचवी सुटायची. पाचवी धरली की पहिली सुटायची. प्रयोगशाळेतला चिमटा मी घरी आणला होता. त्यातून एक इंजिनाचा तुकडा उडाला आणि जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर टणकन आपटला. तो शोधायला मी अर्धा तास लादीवर गाल टेकून होते.

आई कणीस सोलत बसली होती. ती म्हणाली, "पडलंस काय गो?"

"नाही. विमान शोधतेय."

"वयर बघ मगे. विमान खाली खंय गावतला?"

शाळेतून आले की चहा घेऊन मी जनेलाजवळच्या टेबलावर बसायचे, उजेड जाईपर्यंत. बाबा ड्युटीवरून आले की मागे उभे राहायचे. वीस वर्षं स्वतःच्या ट्रकचं इंजिन स्वतः उघडलेला माणूस तो, त्याचे हात शिवशिवत.

"जरा पक्कड मारूया?"

"नको."

"थोडो सोल्डराचो डाग दिवया? झटक्यात बसात."

"बाबा, हात लावायचा नाही. मी करीन म्हटलंय."

ते हात मागे बांधून उभे राहायचे. मला वाटतं, त्यांना ते आवडायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी धड झालं होतं, पंख झाले होते, दोन्ही इंजिनं लागली होती. पत्र्यावर उरली होती फक्त शेपटी आणि खालची चाकं.

आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडतात. ट्रक गेला तरी ट्रकचे पाने, जॅक, टायर लिव्हर बाबांनी ठेवलेत, ते सगळे त्या दिवशी पाटावर येतात. मी कॉलेजात गेल्यापासून बाबा माझी पुस्तकंही त्यांच्यात ठेवतात, ग्रीसचा वास असलेल्या बावीसच्या पान्याला टेकून. यंदा आदल्या दिवशी सकाळीच पाट मांडताना बाबा म्हणाले, "तुझा हत्यार यंदा ताच. पाटार ठेव." मीही खुशीत उरलेला पत्रा पान्यांशेजारी ठेवला आणि शाळेत गेले. जोडलेलं धड टेबलावरच होतं.

घरी आले तर अंगणात सगळा धातू उन्हात वाळत होता. समया, तांब्या, निरांजनं, पाने, आणि माझा पत्रा. आरशासारखा चमकत होता. आईनं चिंच आणि राख लावून काथ्यानं घासला होता.

शेपटीची एक जीभ गेली होती. चाकांचे तिन्ही पाय काड्या मोडाव्यात तसे मोडले होते. एक चाक काथ्यातच अडकलेलं सापडलं, बाकीची पाण्याबरोबर माडाच्या आळ्यात गेली असावीत.

"माका वाटला पितळ काळा पडला," आई म्हणाली. "पाटार ठेवचा तर चकचकीत नको?"

मी ओरडले. लिहितेय तर खरंच लिहावं. मी म्हटलं, "तुला कळत नाही तर हात कशाला लावलास?" आईनं काथ्या उचलला आणि त्याचा एकेक धागा सोडवून उरलेली चाकं शोधायला बसली. पत्रा पाटावर मीच ठेवला होता. पाटावरची वस्तू घासायची, हे तिला कुणी शिकवायला नको, आणि ते मला माहीत होतं.

बाबा आले. त्यांनी पत्रा हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाले, "जाऊंदे. स्टँडार सांगतंय मी, पुढच्या वर्साक."

यावर मात्र मी बोलले. "बाबा, तुम्ही काही सांगायचं नाही. परवा सकाळी गाडीत विमान असेल."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीची सुट्टी होती. सकाळी, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा हॉर्न वाजला तेव्हाच मी बसले. आधी शेपटी. जीभ नाही, मग धरायचं कशानं? मी तो पत्रा बराच वेळ बघत राहिले. भाग काढून घेतल्यावर कडेची चौकट उरते, ती आपण टाकून देतो. पण ती त्याच पत्र्याची, तितकीच पातळ. चौकटीतून मी केसाएवढी पट्टी कापली, शेपटीच्या आणि धडाच्या फटींतून टाक्यासारखी आरपार ओवली आणि दोन्ही टोकं पिळली. दोन पट्ट्या तुटल्या. तिसरी बसली. मी शेपटीला धरून विमान हलवलं, काही हललं नाही. मग मी उगाचच परत हलवलं.

चाकांचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. पोटाखाली तीन फटी तशाच उघड्या. आई माझ्या मागे येऊन उभी होती, आदल्या दिवसापासून तिनं विमानाचं नाव काढलं नव्हतं. अंगणावरून एक विमान गेलं. रोज जातात, आम्ही बघतही नाही. त्या दिवशी बघितलं. पोट गुळगुळीत, चाकं कुठेच नाहीत.

"आई, उडत्या विमानाची चाकं आत असतात," मी म्हटलं.

"मगे माझी चूक नाय?"

"तुझी चूक नव्हतीच गे."

मागच्या दोन फटी मी पट्टीनं बंद केल्या. पुढचीत सायकलची एक तार बसवली. विमान तारेवर, नाक थोडं वर, चढत्या बाजूला. तार कशावर उभी करायची, हे काम मी बाबांना दिलं. डॅशबोर्ड त्यांचा. त्यांनी काजूच्या लाकडाचा तुकडा तासला, भोक पाडलं आणि तार अशी ठोकली की हलवून हलवून हात दुखला तरी विमान जागचं हललं नाही. मग आम्ही ते पाटावर ठेवलं, पुस्तकांच्या आणि पान्यांच्या मध्ये. कुंकू आईनं लावलं, अगदी बोटाच्या टोकानं, श्वास रोखून.

दसऱ्याला स्टँडवर सगळ्या गाड्या धुतलेल्या, बॉनेटवर झेंडूच्या माळा. मी बाबांबरोबर पुढच्या सीटवर बसून गेले. काका आधी काचेतून वाकून बघू लागले, मग दार उघडून आत आले, मग चष्मा चढवला.

"धातूचाच असा गो," ते म्हणाले. हातानं पंख हळूच चाचपला. "पण चाकां खंय? खनिज, तुझा विमान उतारतला कसा?"

सगळे जमले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "चढताना चाकां आत घेतत. रोज हंय बसतंव, कधी मान वयर करून बघल्यात?"

"काय सांगतंस!"

"थांबा मगे."

पूजा अर्धी टाकून सात ड्रायव्हर विमानतळाच्या माळाच्या कडेकडे तोंड करून उभे राहिले. एकाच्या हातात नारळ तसाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक विमान माळावरून वर आलं. तीन चाकं खाली लोंबत होती. मग ती दुमडली, पोटात गेली, झाकणं मिटली.

"खरां रे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ह्या तुमका कॉलेजात शिकयतत?"

"नाही," मी म्हटलं. "हे घरी शिकले."

बाबांनी काकांच्या हातात आपट्याची पानं दिली. त्यांनीही बाबांना दिली, म्हणाले, "माझ्या गाडीत ता प्लास्टिकचा बरा दिसणा नाय आता. माका एक करून देशीत गो बाय? चाकांचा."

मी म्हटलं, "पत्रा तुम्ही आणा. आणि घासायला कुणाच्या हातात देऊ नका."

तेवढ्यात पहिला प्रवासी आला, बॅग ओढत. गाडीत बसता बसता त्यानं विमान बघितलं आणि विचारलं, कुठे मिळालं? बाबा आपल्या मोडक्या हिंदीत सांगू लागले. बॅग डिकीत टाकायचं राहूनच गेलं, ती मी टाकली. गाडी वळून रस्त्याला लागली तरी बाबांचं बोलणं चालूच होतं. खिडकीतून बाहेर आलेला त्यांचा हात विमानासारखा वर चढत जाताना मला दिसत होता.