पुस्तकात नसलेलं

कुणी मॅन्युअल उघडलं की ते त्यावर पालथा हात ठेवायचे. "यात नाही सापडणार," म्हणायचे. "जुनं काय करतं ते बघा."

कोलार रोडवरच्या आमच्या छोट्या कंपनीत ते कंत्राटावर आले, तेव्हा साठी उलटली होती. टी. टी. नगरमधल्या एका सरकारी कचेरीचे सगळे प्रोग्रॅम एका जुन्या संगणकभाषेत होते. ती भाषा चालवणारं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना, म्हणून आम्ही ते नव्याने लिहीत होतो. अट एकच: जुनं जसं वागतं तसंच नव्यानेही वागायचं, मग ते कुठे लिहिलेलं असो वा नसो. न लिहिलेलं सगळं या नागपूरकडच्या माणसाच्या डोक्यात होतं. त्याच कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली होती.

तुमच्याही ऑफिसात असा कुणी असेल. पाठीमागे आम्ही त्यांना 'म्यूझियम' म्हणायचो. एकदा मॅनेजर भर मीटिंगमध्ये म्हणाला, "सर, ये तो बग है. आप हमसे बग की पूजा करवा रहे हैं." सगळे हसले. मीही हसलो.

त्यांनी शांतपणे पेन्शन मिळणाऱ्या विधवांची एक यादी पुढे सरकवली. "आडनावाचा रकाना कोरा असला तर जुनं 'जुळलं' म्हणतं. चूकच आहे ती. पण त्या चुकीमुळेच या बाया यादीत आहेत. तुम्ही चूक सुधारली की ह्या गळाल्या. काहून गळाल्या, ते त्यांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. "तू मराठी है, तुझसे खुलेंगे. सब निकलवा ले, फिर देखते हैं." त्या 'फिर'चा अर्थ मला कळला होता.

तीन महिने मी त्यांच्या शेजारी बसलो. सरांचे काका केले. जवाहर चौकातून कचोऱ्या नेल्या. ते आठवून आठवून सांगायचे, मी एकेका गोष्टीची चाचणी लिहायचो.

एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "हे संपल्यावर ठेवतील ना रे मला? ही गेल्यापासून घर खायला उठतं."

"ठेवतील ना, काका. तुमच्याशिवाय कसं होईल?"

त्या दुपारी त्यांनी आणखी सहा गोष्टी सांगितल्या.

शेवटी सगळ्या चाचण्या पास झाल्या. पेढे वाटले. मॅनेजर त्यांना म्हणाला, "अब आपको तकलीफ़ नहीं देंगे, सर." त्यांना तो शिष्टाचार वाटला. "अहो, तकलीफ कसली," म्हणत त्यांनी माझा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "बाळा, दार उघडत नाही. कार्ड बिघडलं वाटतं." मी फोन मॅनेजरच्या हातात दिला आणि चहा आणायला गेलो.

महिन्याभराने ते पुन्हा फाटकाशी आले. गार्डने वर फोन करून माझं नाव सांगितलं. "बोल दो, मीटिंग में हूँ," मी म्हणालो. खिडकीतून दिसत होतं: उन्हात उभे राहून ते गार्डला एका कागदावरची ओळ न् ओळ समजावत होते. तो मान डोलावत होता. मग कागद त्याच्याकडे देऊन, वर न बघता ते निघून गेले.

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'एक राहून गेलं होतं.' खाली उदाहरणासकट सगळी रीत. मी पडताळून पाहिलं. बरोबर होतं. नवं सॉफ्टवेअर तिथे नावं गाळत होतं.

संध्याकाळच्या आत मी चाचणी लिहिली, दुरुस्ती केली आणि चूक शोधणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. मॅनेजरने पाठ थोपटली. त्यांना फोन मात्र मी केला नाही.