बांधून ठेवलेला भाऊ

ती माहितीपट करायची. बारा वर्षांत पाच केले आणि एकाचाही शेवट गोड नव्हता. आई म्हणायची, "तुझ्या पिक्चरला शेवट नसतोच. नुसते दिवे लागतात." ती हसून सोडून द्यायची. प्रश्न दाखवायचा, उत्तराचा आव आणायचा नाही, एवढं तिचं पक्कं होतं.

सहावा माहितीपट कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एका बाईवर होता. बाईचा धाकटा भाऊ चाळिशीचा, विशीतच त्याचं डोकं फिरलेलं. दोनदा गाडीखाली येता येता वाचलेला. घरात तिसरं माणूस नाही. कामाला निघताना बाई त्याचा पाय खिडकीच्या गजाला बांधायची. दोरीला चादरीची पट्टी गुंडाळलेली, पाण्याचा तांब्या हाताशी. संध्याकाळी आली की आधी गाठ सोडायची, मग चपला काढायची.

वर्षभर शूटिंग चाललं. माहितीपट दाखवणार होती त्या वाहिनीचे साहेब म्हणाले, "शेवटी एखादा डॉक्टर घ्या. लोकांना काहीतरी उपाय द्या."

"माझ्याकडेच नाही, तर देऊ कुठून?" ती म्हणाली.

माहितीपट तसाच दाखवला गेला. आठ दिवसांत कुणीतरी तक्रार केली. अधिकारी आले, दोरी कापली आणि भावाला मनोरुग्णालयात घेऊन गेले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, वर मथळा: माहितीपटामुळे सुटका. अभिनंदनाचे फोन थांबेनात. आई म्हणाली, "चला, एकदाचा शेवट झाला."

तिकडे भावाने अन्न सोडलं. तो बहिणीच्याच हातून खायचा. भेटीची वेळ दुपारची, रविवारी भेट बंद, आणि दुपारी बाई मशीनवर. रजा काढून गेली ते तीन दिवस तो जेवला. चौथी रजा मिळाली नाही. नवव्या आठवड्यात तो गेला.

ती बाईला भेटायला गेली. शिव्या ऐकायची तिची तयारी होती. बाईने तिला पाट सरकवला.

"बांधणं वाईटच होतं," बाई म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? पण तो जिवंत होता."

"मी दाखवायलाच नको होतं."

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. वर्षभर कुणीतरी ऐकत तरी होतं."

"आता दाखवणं बंद करू का?"

"ते तुमचं तुम्ही बघा, ताई. तेवढंही माझ्याच गळ्यात घालू नका."

खूप विचार करून तिने माहितीपटाच्या शेवटी एक ओळ जोडली: भावाला कधी नेलं, तो कधी वारला. त्यानंतर एका सभागृहात खेळ झाला, तो संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ मागे थांबले. त्यांचा मुलगा सव्वीस वर्षांचा, तसाच. बायको नुकतीच गेलेली.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "मी त्याला रुग्णालयात ठेवू की घरी बांधू?"

'मला माहीत नाही' हे वाक्य ती इतकी वर्षं ताठ मानेने सांगत आली होती. त्या दिवशी ते म्हणायची तिला लाज वाटली. ते गृहस्थ नमस्कार करून निघून गेले. तिने त्यांचा पत्तासुद्धा विचारला नाही.

सातवा माहितीपट तिने केला नाही. हल्ली ती कारखान्यांसाठी मशीन कशी चालवायची याच्या चित्रफिती बनवते. त्यात प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. आईला वाटतं, पोरगी मार्गाला लागली.