अण्णांचं राहिलेलं भाकीत

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तारिहाळच्या कारखान्यात होतो. धारवाडला पोचलो, तर सुभाष रोडमागच्या घरात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची ही गर्दी! अण्णा म्हणजे माझे थोरले काका. हुबळीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली. कोण तरणार आणि कोण गटांगळ्या खाणार, हे ते सुरुवातीलाच सांगून टाकत. त्यामुळे आलेला प्रत्येकजण डोळे पुसता पुसता आपापलं भाकीत सांगत होता. "मला म्हणाले होते, दोन विषय राहतील," एक टक्कल पडलेले गृहस्थ हुंदका देत म्हणाले, "तीन राहिले... पण माणूस देव होता!" मग सगळे माझ्याकडे वळले. "तू तर घरातला. तुला काय म्हणाले होते?" मी चपला नीट लावायला बाहेर गेलो. कारण मी त्यांच्या वर्गात असताना माझं भाकीत त्यांनी केलंच नव्हतं. पुढं केलं, ते त्या गर्दीत सांगवेना.

कॉलेजनं एकदा त्यांना विद्यार्थ्यांचं यश कशावर ठरतं, याचा अभ्यास करायला सांगितलं. कुणी म्हणे पीयूसीचे, म्हणजे बारावीचे मार्क, कुणी हजेरी, कुणी वडिलांचं शिक्षण. अण्णांनी सगळं तपासलं. पहिल्या बाकावरची मुलं हुशार, हा समज फार टिकला नाही. त्यातल्या कित्येकांना मागून फळाच दिसत नव्हता. मग तासाआधी कँटीनमध्ये गिरमिटाचे चुरमुरे आणि मिरचीभजी हाणणारी मुलं वर्गात झोपतात, असं त्यांच्या मनानं घेतलं. निरीक्षण जवळून व्हावं म्हणून तेही रोज त्यांच्यात बसून खाऊ लागले, आणि वर्गात जांभया देऊ लागले ते अण्णाच.

शेवटी ते एका शब्दावर येऊन थांबले. शिकवून झालं की ते विचारत, "तिळीतेनु?" समजलं का? वर्ग एका सुरात, "तिळीत्री, सर!" त्यातून एखादा उठून "गोत्तिल्री" म्हणाला, माहीत नाही म्हणाला, की अण्णांचा चेहरा खुलायचा. "हा पास! आपल्याला काय येत नाही ते ज्याला ठाऊक, त्याला पुस्तक कुठं उघडायचं तेही ठाऊक." अहवालात त्यांनी एवढंच लिहून दिलं. प्राचार्यांनी 'समजलं नाही' असा शेरा मारून तो परत पाठवला. अण्णा खूश! म्हणाले, "प्राचार्यसुद्धा पास!"

मी मात्र जन्माचा 'तिळीत्री'. "अण्णा, माझं काय होईल?" असं विचारलं की म्हणायचे, "तुझं कळत नाही रे. तू नुसती मान डोलावतोस." मी चांगला पास झालो, पेढे घेऊन गेलो. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "हा निकाल झाला. भाकीत वेगळं." मला ते फार लागलं. नोकरी लागली, लग्न झालं, तरी ते आत कुठंतरी सलत राहिलं.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तरुण डॉक्टर "सगळं ठीक होईल, आजोबा" असं म्हणून गेला. अण्णा हळूच म्हणाले, "हा कसा पास झाला रे?" मी हसलो. मग त्यांनी माझा हात धरला. "तू सांग. मी घरी येईन का?"

नेहमीचं 'हो, अण्णा' जिभेवर आलं होतं. पण ते माझ्याकडे बघत होते...

"गोत्तिल्री, अण्णा," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी हात थोपटला. "पास," म्हणाले.

त्यांच्या घराच्या व्हरांड्यात भिंतीवर फळा आहे. त्यावर त्यांनी अर्धवट सोडलेलं एक इंटिग्रेशन काकू कुणाला पुसू देत नाही. परवा गेलो तेव्हा तिनं विचारलं, "पुढं काय येतं रे इथं?" खडू हातात घेऊन मी वरच्या ओळी पुन्हा वाचल्या. इंजिनिअर माणूस, पण काही म्हणता काही सुचेना.

"गोत्तिल्री, काकू."

काकू आत गेली आणि अण्णांचं पुस्तक आणून माझ्यापुढं उघडून ठेवलं.