घट्टे तेवढे राहू द्या

आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही लावावाच लागत नाही. नेलपेंट ओलं असलं की माणसाला बोलण्यावाचून दुसरं काही करताच येत नाही, त्यामुळे करमणुकीला तोटा नाही. आई घरीच लोकांच्या हातापायांची निगा राखते. बाबांची आरामखुर्ची तिने पहिल्याच आठवड्यात बळकावली. तेव्हापासून बाबा पलंगाच्या कडेला टेकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मी इथे भाड्याने राहतो."

पूर्वी ती कारखान्यात डबे भरायची. कारखाना बंद पडला आणि तिने हे सुरू केलं, तेव्हा मोठी काकू ओठांचा चंबू करून म्हणाली, "लोकांचे पाय घासणार? शोभतं का गं?"

"घासल्यावर शोभतील, जाऊबाई. बसा, तुमच्यापासूनच सुरुवात करू."

परवाच्या रविवारी शाळेतल्या बाई दहा बोटं फाकवून रंग वाळवत बसल्या होत्या. तेवढ्यात दारात गवंडीकाका आले. गल्लीच्या टोकाच्या बांधकामावर असतात ते. दोन्ही हात पाठीमागे.

"ताई, पुरुषांचे... करता का?"

"काय?"

"हात."

बाईंनी वर्ग गप्प करायचा तो खोकला काढला. "मी येते हं."

"ओलं आहे. बसा," आई म्हणाली. बसल्या बिचाऱ्या, भिंतीकडे तोंड करून.

काका पायपुसण्याकडे बघत बोलायला लागले. नात झाली होती. लेकीने कौतुकाने हातात दिली, तर नखाने बाळाच्या गालावर ओरखडा उठला. पोर किंचाळली. "तेव्हापासून नुसता लांबून बघतो. उद्या लेक तिच्या घरी परत जाणार, आणि मला कामावर हजर व्हायचंय. आजचाच दिवस आहे बघा."

आईने मांडीवर टॉवेल पसरला आणि त्यावर त्यांचे हात घेतले. सिमेंटने खाल्लेली नखं, भेगा, आणि बोटांच्या मुळाशी चिंचोक्यांसारखे टणक घट्टे. मी लगेच वजरी पुढे केली. आईने ती बाजूला सारली.

"थापी कशी धरता, दाखवा."

त्यांनी माझा कंगवा धरून दाखवला.

"आता बाळ." आईने उशी दिली. काकांनी ती थेट खांद्यावर टाकली, सिमेंटचं पोतं असावं तशी.

"अहो, मान! आधी मान धरा!" भिंतीकडे बघणाऱ्या बाई ताडकन उठल्या, उशी ओढून घेतली आणि कोपराच्या खोबणीत नीट निजवून दाखवली. उशीला लाल पट्टे, बाईंची नखं बोडकी. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पुन्हा लावू. तुम्ही बघा इकडे."

आई मात्र काकांचा तळहातच बघत होती. "हे घट्टे मी काढणार नाही. काढले, तर उद्या दुपारपर्यंत हात सोलून निघेल. हा तुमचा हातमोजा आहे. बाळाला लागतात ती बोटांची टोकं आणि कडा. तेवढं माझ्याकडे लागलं."

मग कोमट पाणी, तेल, नखांचे कोपरे, भेगांच्या खरखरीत कडा. शेवटी तिने आपली तलम ओढणी त्यांच्या बोटांवरून ओढली. अंगठ्याशी धागा अडकला. "हा बघा चोर," म्हणत तिने पुन्हा नखं घासायची फाइल घेतली. एवढ्याशा कोपऱ्यावर ती इतका वेळ बसली की बाईसुद्धा मान पुढे काढून बघायला लागल्या. नंतर ओढणी सरसर निघून गेली. काकांनी ती स्वतःच आणखी एकदा ओढून बघितली.

संध्याकाळी त्यांच्या लेकीचा फोन आला, स्पीकरवरही अगदी कुजबुजत. "मावशी, अण्णा जेवायला उठेनात. म्हणतात, हात गुंतलेत."

"रडली का गं?"

"रडली ना. मघाशी अण्णांनी जरा खाली ठेवली तेव्हा."

आईने फोन ठेवला, ओढणीला हात पुसले आणि मला म्हणाली, "कशी कुजबुजली ती लेक? करून दाखव बघू."

मी करून दाखवलं. मग बाबा आल्यावर पुन्हा. मग बाबांनी ऐकलं नसेल नीट म्हणून आणखी एकदा.